दाराकडे पाठ

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. खून, दरोडे, घरफोड्या यांतली पुष्कळ प्रकरणं डोक्यातून पुसली गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हेही मी आता छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण दुपारी जेवून जरा आडवा झालो, की मावळातलं एक प्रकरण हटकून समोर येतं. त्यात ना खून होता ना चोरी, आणि शेवटी खटलाही उभा राहिला नाही. त्यातल्या माणसांची मुलंबाळं आजही त्याच गावांत नांदत आहेत, म्हणून कुणाचंच नाव देत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी मावळातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. बेचाळीसची चळवळ होऊन गेली होती, भूमिगत झालेले तरुण अजून डोंगराकडच्या वाड्यांतून फिरत होते, आणि रजेवर घरी येऊन पलटणीत परत न गेलेले शिपाईही शोधायचे होते. वरून येणाऱ्या प्रत्येक हुकमात 'संशयित' हा शब्द असायचा. मला तो कुणी शिकवावा लागला नव्हता. माझी आई म्हणायची, हा मेला दूध पितानासुद्धा आधी भांड्यात डोकावून बघतो. खात्यात मला त्या सवयीचा उपयोगच झाला.

भाताच्या झोडणीचे दिवस होते. एका सकाळी वराळ्याच्या बाजूच्या एका गावचे पोलीस पाटील ठाण्यावर आले. चहा घेतला, पानाला चुना लावला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज उतरवून म्हणाले, "साहेब, माळावर एका पेन्शनीत निघालेल्या हवालदाराची वस्ती हाय. तितं कायतरी शिजतंय."

"काय शिजतंय?"

"रोज दुपारी तितं एक माणूस दारात काठी घेऊन उबा राहतो. त्यो गेला की दुसरा येतो. एक परंदवडीचा, एक तळेगावचा, एक आमच्या गावचा. समदे जुने लष्करातले. आवो, झोडणीचे दिवस. स्वताचं खळं बायकापोरांवर टाकून कोन दुसऱ्याच्या दारात उबा राहील?"

पाटलांचा हा मुद्दा मला एकदम पटला. मावळात झोडणीच्या दिवसांत माणूस सोयऱ्याच्या लग्नालाही कुरकुरत जातो. खळ्यावरचं भात उघड्यावर टाकून ही माणसं उन्हात उभी राहतात, तर घरात भातापेक्षा मोलाचं काहीतरी असलंच पाहिजे.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"दिसत न्हाई. पर ताट जातं आत. अन् कुणी बांधापर्यंत गेलं की त्यो काठीवाला 'हुकुमदार' म्हनून वरडतो. छावणीत पहारेवाले 'कोन हाय तितं' म्हनून हटकत्यात तसा."

मी साध्या कपड्यातला एक शिपाई कडब्याचा व्यापारी करून पाठवला. तो संध्याकाळी परत आला तो चिडूनच. काठीवाल्याने त्याला बांधावरूनच परतवलं होतं. कडबा विकायचा नाही, पाणी ओढ्याला मिळेल, रस्ता तिकडून आहे, एवढीच काय ती बोलणी. शिपाई हुशार होता, झाडाआडून पाहत राहिला. त्याने सांगितलेली एक गोष्ट मी मनात घट्ट धरून ठेवली. दारातला माणूस घरात एकदाही वळून बघत नव्हता. दाराकडे पाठ आणि तोंड रस्त्याकडे.

याचा अर्थ सरळ होता. आतला माणूस कैदेत नव्हता. आतल्या माणसाला बाहेरच्यांपासून जपलं जात होतं. बाहेरचे म्हणजे आम्हीच.

दोन दिवसांनी बंदुकीच्या परवान्याची चौकशी असं निमित्त काढून मी स्वतः वस्तीवर गेलो. दारात कुणीही नव्हतं. म्हातारा हवालदार अंगणात दोरखंड वळत बसला होता. त्याने उठून कडक सलाम केला. घरात शिरलो. बाजेवर वाकळ होती. मी तिच्याखाली हात घातला, तर बाज ऊबदार. चुलीपाशी तीन कानतुटके कप, आणि घरात माणसं म्हातारा आणि त्याची म्हातारी.

"आबा, तिसरा कप कुणाचा?"

"पाव्हण्याचा."

"पाहुणा कुठं आहे?"

"वढ्याला गेलाय."

ओढ्यावर कुणी नव्हतं, हे सांगायला नकोच. मी गावात येणार, हे फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक तो साध्या कपड्यातला शिपाई आणि दुसरे माझ्या ठाण्याचे जमादार. शिपाई तर दिवसभर माझ्याबरोबरच होता. उरले जमादार. ते पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडे लढून आलेले, नंतर पोलिसात भरती झालेले. कधी रजा नाही, कधी कुरबुर नाही. ठाण्याचं कुलूप लावून झालं की ते ओढून बघायची मला सवय होती, आणि जमादार माझ्याआधीच ओढून बघत. अशा माणसावर संशय घेताना मला वाईट वाटलं. पण घेतला. त्या दिवसापासून जमादारांच्या कानावर मी काही जाऊ दिलं नाही, आणि त्यांनाही ते कळलं. आम्ही एकमेकांशी जरा जास्तच अदबीने बोलू लागलो.

मग मी म्हाताऱ्या हवालदारालाच ठाण्यावर बोलावून घेतलं. मुद्दाम दुपारी. जबाब घ्यायला माणूस बसवताना मी त्याला भिंतीकडची खुर्ची देत असे, म्हणजे दार त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहतं आणि मन तिकडेच ओढ घेतं. पुष्कळ माणसं त्या दारापायीच कबूल होतात.

"आबा, पाहुणा कोण?"

"नात्यातला हाय."

"काय करतो?"

"झोपतो."

"मी त्याचा धंदा विचारतोय."

"सध्या त्योच धंदा, साहेब."

शिपाई खुदकन हसला. मी त्याला बाहेर पाठवलं. म्हातारा चेष्टा करत नव्हता. त्याचा चेहरा कवायतीला उभ्या असलेल्या माणसासारखा होता. मी आवाज चढवला, फरारी माणसाला आसरा दिला तर काय शिक्षा होते ते सांगितलं, पेन्शन जाईल म्हणून बजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दर प्रश्नाला खरं आणि बिनकामाचं उत्तर दिलं. पण ऊन कलंडायला लागलं तसा तो खुर्चीत चुळबुळू लागला. दाराकडे बघून म्हणाला, "साहेब, आता सोडा. माझा पहारा चुकंल. मग परत या म्हनाल तितं येतो."

"पहारा चुकला तर काय होईल?"

म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. त्याच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि ती पेन्शनीची नव्हती. मी त्याला बसवून ठेवलं.

तेवढ्यात जमादार आले. घरातून निरोप आलाय, मंडळींच्या पोटात दुखतंय, जरा जाऊन येतो म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली सवलत. मी "जा" म्हटलं आणि ते वळणापलीकडे गेल्यावर सायकल काढली.

जमादार घराकडे वळलेच नाहीत. माळाची वाट धरून वस्तीवर पोहोचले. मी लांबून पाहत होतो. कमरेचा पट्टा सोडून त्यांनी गडग्यावर ठेवला. डोक्यावरची पगडी उतरवून त्यावर ठेवली. कोपऱ्यातली काठी घेतली, दाराकडे पाठ केली आणि ताठ उभे राहिले.

मी सायकल टाकून सरळ चालत गेलो. माझ्याच जमादारांनी मला माझ्याच हद्दीत पुकारलं, "हुकुमदार!"

मी थांबलो. मला राग आला होता, खोटं का सांगू. "जमादार, बाजूला व्हा."

"होतो साहेब. तुमी आत जा, तुमचा अधिकार हाय. पर बूट काढून जा. अन् त्याला हात लावू नगा."

का कोण जाणे, पण मी बूट काढले.

आत बाजेवर विशी-बाविशीचा पोरगा झोपला होता. अंगात लष्करी खाकी सदरा. उशाशी एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मला बघताच ती तोंडावर पदर धरून उठली. हवालदाराची म्हातारी नव्हती ती, पोराची आई होती. तिने हातानेच मला गप्प राहायची खूण केली. बहुधा माझी चाहूल लागली असावी, पोरगा दचकून उठला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने आधी दाराच्या फटीला डोळा लावला. बाहेर जमादारांची पाठ दिसत होती. ती त्याने नीट पाहून घेतली, परत येऊन आडवा झाला, आणि मी तिथं उभा असतानाच पुन्हा झोपला.

आईने मला परसात नेलं. "लढाईवरनं रजेवर आला तवापासून डोळ्याला डोळा न्हाई," ती म्हणाली. "मी उशाशी बसून बगितलं. देवाचं केलं, डाक्तरचं केलं. मी आई हाय साहेब, पर माझ्या पहाऱ्यात त्याला झोप येत न्हाई. ह्या म्हाताऱ्यांच्या पहाऱ्यात येती." तिच्या आवाजात जेवढं समाधान होतं तेवढाच सल होता, आणि दोन्ही तिने लपवले नाहीत.

बाकीचं मला जमादारांनी सांगितलं. सांगताना त्यांनी मान वळवली नाही. रस्त्याकडे बघूनच बोलले. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर हा पोरगा आणि त्याचे दोन सोबती एका खड्ड्यात झोपले होते. झोपायची पाळी त्यांचीच होती. पहाऱ्यावरच्याला डुलकी लागली. पोरगा जागा झाला तेव्हा दोन्ही अंगांना दोघे शत्रूच्या हातून मरून पडलेले. त्याला ओरखडाही नव्हता. घरी आल्यावर अंधार पडला की तो उभा राहायचा तो उजाडेपर्यंत. उन्हात जरा डोळा लागायचा, तोही लढाई पाहिलेला माणूस पहाऱ्यावर असेल तरच. रजा कधीच संपली होती. पोरगा परत जायला नाही म्हणत नव्हता. तो उभ्याउभ्या पडत होता.

"तुम्हांला हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"बसऱ्याहून आलो तवा आमच्यातला एक असाच व्हता. बायको बसायची, भाऊ बसायचा. आमी लांब राह्यलो, म्हटलं घरचे हायेत की. त्यानं विहीर जवळ केली. त्या दिसापासनं आमी ठरवलं. आमच्यातल्या एकाला झोप येईना झाली की बाकीच्यांनी पहारा द्यायचा. माझ्याबी दारात उबे व्हते हे."

"मी येणार हे तुम्हीच कळवलंत?"

"व्हय. चार शिपाई बूट वाजवत आले असते तर त्यानं कुटं धाव घेतली असती, ठावं न्हाई. चूक असंल तर लिवा, साहेब. मी सही करतो."

आता प्रश्न माझा होता. पोरगा कायद्याने फरारी होता. आसरा देणारे गुन्हेगार, आणि त्यांत माझा जमादार. त्याला सोडून द्या, असं कुणी म्हणालं असतं तर मी तिथल्या तिथे बेड्या मागवल्या असत्या. पण तसं कुणी म्हणालंच नाही. मी ठाण्यावर जाऊन म्हाताऱ्याला मोकळं केलं, तेव्हा तो दारात थांबून एवढंच म्हणाला, "त्याला लपवला न्हाई साहेब. परत पोचवायसाठी ठेवलाय. तुमी धरून नेला तर त्यो पळून आलेला. त्याच्या पायानं आला तर उशीर झालेला. लष्करात ह्या दोघांचं तोंड एकमेकांना दिसत न्हाई."

हे खरं होतं. धरून आणलेल्याच्या वाट्याला कोठडी येते, हजर झालेल्याला निदान डॉक्टर तरी विचारतो. मी त्याला दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत मुदत दिली. त्यापुढे एक घटकाही नाही, असं बजावलं.

ती रात्र मी जागून काढली, हे वेगळं सांगायला नको. सकाळ होताच दोन माणसं तळेगाव स्टेशनवर ठेवली आणि एक घाटाकडच्या रस्त्यावर. जमादारांना ठाण्यातून हलू दिलं नाही. दुपार झाली. पोरगा झोपला असेल म्हणून मनाची समजूत घातली. ऊन उतरलं तरी रस्त्यावर कुणी नाही. माझा राग हळूहळू चढू लागला. त्या बाईचा पदर, म्हाताऱ्याचं ते 'पळून आलेला' नि 'उशीर झालेला'चं वाक्य, जमादारांची विहीर, सगळं मला बनवलेलं वाटू लागलं. मी जमादारांकडे बघितलं. ते खिडकीपाशी उभे होते आणि त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"निघाले असतील का डोंगराकडे?" मी विचारलं.

"न्हाई," जमादार म्हणाले. पण त्यांचाही आवाज फारसा पक्का नव्हता.

मी टोपी डोक्यावर ठेवली, वेढ्याला माणसं काढायला सांगितली आणि पायऱ्या उतरलो. तेव्हा वळणावर धूळ दिसली. चार माणसं एका रांगेत येत होती. धोतरं, कुडती, पायांत वहाणा, एकाच्या डोक्यावर खळ्यावरचा भुस्सा तसाच. पण पावलं एकाच ठेक्यात पडत होती. मधे पोरगा. खाकी सदरा धुऊन आणलेला, दाढी केलेली. मागे बरंच अंतर राखून त्याची आई.

ठाण्यासमोर ते थांबले. पोरगा एक पाऊल पुढे आला. त्याने सलाम केला, नाव सांगितलं, पलटण सांगितली, आणि म्हणाला, "रजा संपल्यावर परतलो न्हाई. आता हजर हाय."

मी ठाण्याच्या डायरीत लिहिलं, इसम स्वतः होऊन हजर झाला. शब्द अन् शब्द खरा होता. आसरा देणाऱ्यांविषयी लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कारण जो आपल्या पायांनी ठाण्यात येतो त्याला लपवलं म्हणायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्याला पुण्याला नेऊन लष्कराच्या ताब्यात द्यायचा होता. रात्र त्याला आमच्याच कोठडीत काढायची होती. नियमाप्रमाणे पहारेकरी कोठडीकडे तोंड करून उभा राहतो, आत काय चाललंय ते त्याला दिसलं पाहिजे. पाळीवरचा शिपाई तसाच उभा राहिला. पोरगा गजाला पाठ टेकून टक्क जागा बसला. मी शिपायाला बाजूला केलं आणि जमादारांना उभं केलं. त्यांनी कोठडीकडे पाठ केली. खात्याच्या नियमात हे बसत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून माझी खुर्ची मी कोठडीसमोर टाकली आणि आत बघण्याचं काम स्वतःकडे घेतलं. तो रात्रीचा झोपला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढे त्याला लष्करी इस्पितळात ठेवलं आणि काही महिन्यांनी नोकरीतून मोकळं केलं, एवढं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. निकाली निघालेल्या प्रकरणात डोकं घालू नये, असा माझा शिरस्ता होता.

काही वर्षांनी माझी लोणावळ्याला बदली झाली. त्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळली आणि रुळांवर काम करणारी गँगच्या गँग तिच्याखाली सापडली. माणसं बाहेर काढायची, ओळख पटवायची, पंचनामे करायचे, नातेवाइकांना बोलवायचं, हे सगळं आमच्याकडे होतं. मी ते पार पाडलं. वरिष्ठांनी शाबासकीही दिली. त्यानंतर मला झोप लागेना. डोळे मिटले की चिखलातून बाहेर आलेला एक हात दिसायचा, बांगडीसकट. गँगमध्ये बायकाही होत्या. बायको उशाशी बसून राहायची. मी तिच्यावर खेकसायचो. ठाण्यावर कुणाला पत्ता लागू दिला नाही, निदान माझी तशी समजूत होती.

एका रविवारी दुपारी क्वार्टरच्या अंगणात पावलं वाजली. बघतो तर तोच पोरगा. आता चांगला अंगाने भरलेला, डोक्यावर इरलं, हातात काठी. मी नेहमीप्रमाणे आधी संशयाने विचारलं, "काय काम आहे? कुणी पाठवलं?"

"जमादारांनी. ते आता पेन्शनीत हायेत, गुडघं धरल्यात त्यांचं. म्हनले, घाटात लय बगितलंय साहेबांनी, तू जा."

"मी लढाईत नव्हतो," मी म्हणालो. "मला पहारा कशाला?"

"घाटात व्हता की," तो म्हणाला. "झोपा तुमी."

मी आत आलो.

लोक विचारतात, एवढ्या नोकरीतून काय शिकलात? संशय घेतला, याबद्दल मला काही वाटत नाही. उद्या तशी खबर आली तर मी पुन्हा माणूस पाठवीन, पुन्हा बाजेखाली हात घालून ऊब बघीन. माणसावर नजर ठेवणं हे आमचं काम आणि ते मी चोख केलं. फक्त एवढं कळलं, की काही माणसांकडे कुणी सारखं बघत राहिलं तर ती झोपत नाहीत. जे त्यांनी पाहिलं, तसलंच पाहून आलेल्या कुणीतरी त्यांच्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं.

त्या दुपारी मी बाजेवर पडलो, आणि दोनदा उठून खिडकीशी गेलो. त्याचं तोंड कुठे आहे ते बघायला. दोन्ही वेळा ते रस्त्याकडेच होतं. तिसऱ्यांदा मी उठलो नाही. बायकोने हलवलं तेव्हा दिवे लागले होते, आणि अंगणात तो तसाच उभा होता.